जमिनीवरचे पायलटसाहेब

सोलापुरात मला खोली मिळाली ती एका कडीच्या जोरावर.

एकोणीसशे तिशीच्या सुरुवातीची गोष्ट. मुलींच्या शाळेत शिकवायची नोकरी लागली होती, पण एकट्या, बिनलग्नाच्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. पहिल्या घरमालकाने विचारलं, वडील काय करतात. दुसऱ्याच्या बायकोने विचारलं, लग्न का केलं नाही. तिसऱ्याने काहीच न विचारता दार लावून घेतलं. चौथ्या घरी एक उंच, वाळकुडे, जाड मिशांचे गृहस्थ दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या ट्रंकेचं कुलूप तेवढं नीट न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, दाराला कडी लावल्यावर ती पुन्हा ओढून बघता का?"

"बघते की," मी दडपून खोटं सांगितलं.

"किती वेळा?"

"एकदा."

"दोनदा बघत जा. खोली तुमची."

हे आमचे काका. आमचे म्हणजे माझे कोणीच नव्हते, पण पहिल्या आठवड्यातच मी त्यांच्या चार मुलींसारखी त्यांच्या तावडीत सापडले, त्यामुळे काका म्हणणं भाग पडलं. एका कापड गिरणीत ते इंजिनखात्याचे प्रमुख होते. गावात त्यांना कोणी इंजिनिअर म्हणत नसे. सगळं सोलापूर त्यांना पायलटसाहेब म्हणायचं, आणि म्हणताना जरासं हसायचं.

चौदा सालची लढाई सुरू झाली तेव्हा ते एका संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर विलायतेत शिकत होते. तिथून ते फौजेत शिरले आणि फ्रान्सवर विमानं चालवून चार वर्षांनी परत आले. असं ते सांगायचे. सांगायचे म्हणजे एवढंच, यापुढे एक अक्षर नाही. कागदपत्रं, तमगे, फोटो, सगळं एका ट्रंकेत होतं आणि ती ट्रंक घरी येताना कुर्डुवाडीला फलाटावर उतरले असताना चोरीला गेली. चार वर्षं जर्मनांना सापडला नाही तो माणूस कुर्डुवाडीच्या फलाटावर लुटला गेला. लोकांनी हसायचं नाही तर काय करायचं? शिवाय लढाईवरून आलेली माणसं एकाच्या दहा गोष्टी सांगतात. हे एकही सांगत नाहीत, म्हणजे गेलेच नसणार, असा गावाने सरळ हिशोब लावून टाकला होता.

पुरावा म्हणून दोन वस्तू उरल्या होत्या, कारण त्या ट्रंकेत नव्हत्या, अंगावर होत्या. एक कान झाकणारी चामड्याची टोपी. ती घालून काका थंडीत मंडईत जायचे आणि भाजीवाल्या बायका त्यांना पाहून पदराआड हसायच्या. दुसरी वस्तू म्हणजे विमानात डोळ्यांवर लावायचा मोठा काचेचा चष्मा. तो काकू कांदा चिरताना लावायच्या. पहिल्या दिवशी मी पाणी मागायला स्वयंपाकघरात गेले, तर चुलीपुढे नऊवारीतली एक बाई बेडकासारखे डोळे करून माझ्याकडे पाहत होती. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं.

"घाबरू नगा, मास्तरीणबाई," काकू म्हणाल्या. "चार वर्सांत नवऱ्यानं एवढंच कमवून आणलंय."

काकूंचं माहेर वैरागचं. बोलणं तिथलं, आणि जीभ विळीच्या धारेची. घरात काकांचं राज्य आहे असं काकांना वाटायचं आणि काकू त्यांना तसं वाटू द्यायच्या.

त्या राज्याचे कायदे मात्र ऐकण्यासारखे होते. गच्चीवर एका काठीला काकूंच्या जुन्या तांबड्या लुगड्याची शिवलेली लांब पिशवी होती. वारा शिरला की ती फुगायची आणि वाऱ्याची दिशा दाखवायची. काका सकाळी उठून आधी तिच्याकडे पाहायचे, मग तोंड धुवायचे. सोलापुरात राहणाऱ्या, रोज पायी गिरणीत जाणाऱ्या माणसाला वाऱ्याची दिशा कशाला हवी, हे विचारायची सोय नव्हती. पण शेजारचं तेलुगू विणकराचं कुटुंब त्या पिशवीकडे बघूनच रंगवलेलं सूत वाळत घालायचं, आणि सगळ्या आळीतल्या बायका पापडांची जागा तीच पाहून ठरवायच्या.

टांग्यात बसणं हा एक वेगळाच सोहळा होता. काका आधी टांग्याभोवती पूर्ण चक्कर मारायचे. चाकाची खीळ दोनदा ओढायची, लगाम दोनदा ताणायचा, घोड्याचा एकेक पाय उचलून नाल बघायचा. आमचा नेहमीचा टांगेवाला हसनभाई. तो बिचारा विडी पेटवून वाट बघत बसायचा.

"पैलटसाब, टांगा है ये," तो म्हणायचा. "मेरे घोडे कू पर नैं हैं. गिरा तो भी कित्ता गिरेगा?"

"पडायला उंची लागत नाही, हसनभाई," काका खाली वाकूनच उत्तर द्यायचे.

पण खरा कायदा होता बोलण्याचा. घरातून कोणीही बाहेर पडताना एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने तोच शब्द परत म्हणून उत्तर द्यायचं. रोज सकाळी काका दारात उभे राहायचे आणि चारही मुली ओळीने विचारायच्या.

"छत्री?"

"छत्री आहे."

"डबा?"

"डबा आहे."

"घड्याळाला किल्ली?"

"घड्याळाला किल्ली दिली."

विमानाचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचा तो काळ. पंख्यापाशी उभा असलेला मेकॅनिक ओरडून विचारणार, आत बसलेला पायलट तोच शब्द ओरडून परत देणार, तो शब्द कानावर पडल्यावरच मेकॅनिक पंख्याला हात लावणार. तीच रीत काकांनी छत्री-डब्याला लावली होती. नुसतं "हो" चालायचं नाही. मान हलवणं तर अजिबात नाही. एकदा शाळेला उशीर झाला होता. काकांनी विचारलं, "किल्ली?" मी घाईत मान हलवली. ते दारात तसेच उभे, खांबासारखे. मी पुन्हा मान हलवली. खांब हलेना. शेवटी मी वैतागून "किल्ली आहे!" म्हणून अशी किंचाळले की समोरच्या मागावरचा विणकर हात थांबवून बाहेर आला. तेव्हा कुठे काका बाजूला झाले. मुख्याध्यापिकेची बोलणी मी खाल्ली ती वेगळीच.

घरात या कायद्याला एकच व्यक्ती भीक घालत नसे.

"विस्तव?" काका स्वयंपाकघराच्या दारातून विचारायचे.

"डोळं फुटलं व्हय?" आतून उत्तर यायचं. "मी काय पोपट हाय, तुमचं बोलणं तुमालाच परत द्यायला?"

काका मग स्वतः जाऊन चूल बघायचे. वीस वर्षांच्या संसारात काकूंनी एकदाही परत शब्द दिला नाही, असं थोरली कुसुम मला हसत सांगायची.

पण एक शब्द काकूंनी घेतला होता. तो त्यांनी मला एकदा शेंगा फोडता फोडता सांगितला. काका विलायतेला निघाले तेव्हा कुसुम पोटात होती. ते परत आले तेव्हा ती चार वर्षांची होऊन गेली होती आणि बापाला बघून परसात जाऊन लपली. काकू नवऱ्याला घेऊन तशाच सिद्धेश्वराच्या देवळात गेल्या.

"देवाच्या म्होरं हात धरला त्येंचा. म्हनलं, आता पुन्ना जमीन सोडायची न्हाय. कदीच न्हाय. आन् मी बी शबुद दिला, की तितं काय झालं ते मी कदी इचारनार न्हाय. त्येनी त्येंचा पाळला, मी माजा."

"आणि काकांना वर जावंसं वाटत नाही?"

काकूंनी शेंग मोडली. "वाटतंय की. म्हनून तर शबुद घेतला. वाटत नसतं तर कशाला घेतला असता?"

कुसुमला तेव्हा एकोणिसावं लागलेलं. त्या दिवसांत तेवढ्या वयाची मुलगी घरात म्हणजे शेजारणींना रोजचा विषय. काकूंच्या माहेरच्या ओळखीतून बार्शीच्या एका वकिलांच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा पाहून गेला. लग्नानंतरही कुसुमने शिकावं असं तो स्वतःहून म्हणाला, आणि त्या दिवसापासून कुसुम भाकरी करताना गाणं म्हणू लागली. सगळं जुळत आलं होतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला वकीलसाहेब सोलापुरात आले ते सुपारी फोडायचा दिवस धरायलाच.

पण आमच्या घरी यायच्या आधी ते गावात चार ठिकाणी चहा प्याले. चहाबरोबर चार ठिकाणी पायलटसाहेबांची गोष्टही प्याले.

नेमकं त्याच आठवड्यात विमान आलं होतं. गावाबाहेर होटगी रस्त्याच्या बाजूला एका मोकळ्या माळावर. एक तरुण गोरा पायलट आणि एक मेकॅनिक, दोघे गावोगाव हिंडायचे आणि तिकीट घेऊन लोकांना पाच मिनिटं वर फिरवून आणायचे. जत्रा राहिली बाजूला, सगळं गाव त्या माळावर लोटलं. काका तेवढे गेले नव्हते. तीन दिवस डोक्यावरून घरघर जात होती आणि काका मान खाली घालून भाकरीवर शेंगाचटणी घेत होते. कढी मात्र तीनही दिवस पानातच राहिली.

वकीलसाहेब बैठकीत बसले. आढेवेढे न घेता म्हणाले, "साहेब, माझ्या घरात खोटं चालत नाही. लोक काहीबाही बोलतात. मी म्हणतो, विमान दारात आलंय. आपण एक चक्कर मारून दाखवा. लोकांची तोंडं बंद, आणि आपण लगेच सुपारी फोडू."

मी कुसुमबरोबर आतल्या दारामागे उभी होते. कुसुमने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.  काकांनी हळूच मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला अजून आठवतं. शाळेत मुली पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारतात ना, तसं.

"न्हाय," आतून आवाज आला.

"अगं, पण कुसुमचं..."

"न्हाय म्हनलं की. लगीन मोडलं तर मोडलं."

काका वकिलांकडे वळले. "जमायचं नाही," म्हणाले. "मी शब्द दिलेला आहे."

वकील उठले. "मग आमचंही राहिलं," असं म्हणून त्यांनी पगडी सारखी केली आणि गेले. कुसुम रडली. मी काकूंवर मनातून भयंकर संतापले. पोरीचं आयुष्य मोठं की बारा-चौदा वर्षांपूर्वीची शपथ? काकांवरही संतापले. चष्मा नाकावर चढवून काकू कांदा चिरत बसल्या होत्या आणि घरात त्या दिवशी कांद्याचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "चला, बघून तरी येऊ."

काकू, कुसुम, काका आणि मी हसनभाईच्या टांग्यातून माळावर गेलो. धाकट्या तिघी शाळेत होत्या, मी तेवढी रजा टाकली होती. त्या दिवशी काकांनी टांग्याची खीळ एकदाच ओढली. हसनभाई घाबरला, म्हणाला, "साब, तबीयत तो बराबर है ना?"

माळावर ही गर्दी. दोरीच्या आत ते विमान उभं होतं, वर एक पंख, खाली एक पंख, कापड ताणून बसवलेलं, वर रुपेरी रंग. पुढच्या खड्ड्यात दोन माणसांची जागा, मागे पायलट. आणि पुढे कोण बसलं होतं? आमचे वकीलसाहेब. पगडी काढून डोक्याला उपरणं घट्ट बांधलेलं, दोन्ही हातांनी कडा धरलेली. आपल्या घरात खोटं चालत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर आता तितकंसं दिसत नव्हतं.

काका दोरीपाशी उभे होते. सवयीने त्यांची नजर विमानाभोवती फिरली, टांग्याभोवती फिरायची तशी. शेपटापाशी ती थांबली. मेकॅनिक पुढे जाऊन पंख्याला हात घालणार, एवढ्यात काका दोरीखालून वाकून आत शिरले आणि दोन्ही हात वर करून पंख्यासमोर उभे राहिले.

"बंद!" ते ओरडले. मग इंग्रजीत तेच.

लोक हसायला लागले. "पायलटसाहेब घाबरले!" कोणी तरी ओरडलं. गोरा पायलट उठून उभा राहिला आणि जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. काका हलले नाहीत. "स्विच बंद?" त्यांनी विचारलं. पायलटने चिडून हात झटकला. "तोंडाने सांगा," काका इंग्रजीत म्हणाले. त्या आवाजात असं काही होतं की तो पोरगा नकळत म्हणाला, "स्विच बंद." तेव्हा काका पंख्यापासून सरले, शेपटाकडे गेले आणि तिथला एक खिळा त्यांनी दोनदा ओढला. दुसऱ्यांदा ओढल्यावर तो अर्धा बाहेर निघून आला.

शेपटाचा पंख खालीवर करणारी तार त्या खिळ्याला जोडलेली होती. खिळा निसटू नये म्हणून त्याच्या टोकाला एक बारीक पिन असते, ती नव्हती. आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या असत्या, मग खिळा वरच निसटला असता. पायलट खाली उतरला, पाहिलं, आणि त्याचा चेहरा विमानाच्या रंगाचा झाला. मेकॅनिकने सगळी पेटी उलथी केली. तेवढी पिन काही सापडेना. वकीलसाहेब उतरायची धडपड करत होते, पण त्यांना पट्टा सुटत नव्हता.

काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि पुढे केला. "ह्यो बसतोय का बगा," म्हणाल्या.

काकांनी तो पोलादी आकडा खिळ्याच्या भोकात घातला, दोन्ही टोकं पकडीने वळवली, दोनदा ओढला. मग पायलटला सांगितलं की एका फेरीपुरता हा चालेल, पुढच्या फेरीआधी खरी पिन आणा.

पायलटने काकांचा हात हातात घेतला आणि कुठे, किती वर्षं, कुठल्या तुकडीत, सगळं विचारलं. काका हळू आवाजात सांगत होते. तो पोरगा ताठ उभा राहिला आणि त्याने कडक सलाम ठोकला.  मग तो म्हणाला, "सर, मागची जागा तुमची. ही फेरी तुम्ही न्या."

काकांचा हात विमानाच्या कापडावर होता. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. त्यांनी काकूंकडे पाहिलं. सगळ्या गर्दीने काकूंकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि मनात म्हटलं, बाई, आता तरी हो म्हण.

काकूंनी मान हलवली. नाही.

काकांनी कापडावरचा हात काढून घेतला. त्या घटकेला मला त्यांची इतकी दया आली की माझेच डोळे भरून आले.

"मी जाते," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मी. ह्या इमानात. ही सवत हाय माजी. चार वर्सं नवरा नेला माजा. एकदा बगू तरी, काय हाय येवढं हिच्यात."

"अगं, पण पिन..." काका बोलले आणि तिथेच अडकले. कारण पिन त्यांनीच बसवली होती.

"आकडा माजा, हात तुमचा. कच्चं ऱ्हायलंय का काय?" काकूंनी वकिलांकडे डोळा फिरवला. "तसं असंल तर आत्ताच सांगा, वकीलसायेब हितंच हाईत."

मेकॅनिकने पट्टा सोडला. वकीलसाहेब उतरले, काकू चढल्या, आणि "आईला एकटी कशी सोडू" म्हणत कुसुमही चढली. होणाऱ्या सासऱ्यादेखत! त्यांच्या पायांतली पैंजणं कापडावर वाजली, पंखा फिरला, धूळ उडाली, आणि आमचं अर्धं घर सोलापूरच्या वर गेलं.

काका वर बघेनात. माझ्या छत्रीची मूठ त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि ती दोनदा ओढली, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा.  "वारा बदललाय का हो, बाई?" त्यांनी तीनदा विचारलं.

"घाबरलात?" मी म्हटलं.

"मी वर असताना मला कधी भीती वाटली नाही. देवाशपथ नाही. पण हे खाली उभं राहणं..."  मग म्हणाले, "तिथे एक मेकॅनिक होता, माझ्यापेक्षा लहान. त्याने विचारलं, स्विच बंद? मी नुसती मान हलवली. मला वाटलं मी बंद केलाय. त्याने पंख्याला हात घातला." छत्रीची मूठ पुन्हा दोनदा ओढली. "दोन्ही हात गेले त्याचे. ते हिला माहीत नाही. हिने विचारलंच नाही."

मला किल्लीची सकाळ आठवली आणि शरमेने कान तापले.  मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, एवढंच.

पाच मिनिटं म्हणजे किती हे मला तेव्हा कळलं. विमान उतरलं, उड्या मारत आलं, थांबलं. कुसुम हसत उतरली. काकू सावकाश उतरल्या. केस सुटलेले, पदर विस्कटलेला, गाल लाल. त्या सरळ काकांपुढे येऊन उभ्या राहिल्या. काका अजून माझ्या छत्रीची मूठ ओढत होते ते त्यांनी पाहिलं.

"कळलं का आता?" काकू म्हणाल्या.

"कळलं," काका म्हणाले.

"मी बी बगितली सवत." काकूंनी मागे वळून विमानाकडे पाहिलं. "लई देखनी हाय वो. तळं येवढंसं दिसतंय. देऊळ हातात घ्यावं येवढं."

काकांच्या चेहऱ्यावर आशेचा एक किरण आला. "मग?"

"म्हनून तर सोडत न्हाय तुमाला," काकू म्हणाल्या आणि टांग्याकडे चालू लागल्या.

सुपारी त्याच दुपारी फुटली. वकीलसाहेबांनी पुढे आयुष्यभर "मी विमानात बसलेलो आहे" असं सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. लग्नात काकांनी मांडवाचा प्रत्येक खांब दोनदा ओढून पाहिला. भटजींना "अंतरपाट?" असं विचारून "अंतरपाट धरला" असं म्हणायला लावलं, तेव्हाच मंगलाष्टकं सुरू होऊ दिली. गावात पायलटसाहेब म्हणताना मग कोणी हसलं नाही. मला त्या हसण्याची सवय झाली होती, थोडं चुकल्यासारखं वाटलं.

काका खूप जगले. गिरणीतून निवृत्त झाले, मुली सुखाने नांदल्या, नातवंडं झाली, पतवंडंही पाहिली. कुसुमचा नवरा दिल्लीला बदलून गेला तेव्हा प्रवासी विमानं सुरू झाली होती. तो सासू-सासऱ्यांना तिकिटं पाठवायचा. काकू विमानाने जायच्या. काका आगगाडीने निघायचे आणि दोन दिवसांनी पोचायचे. कुर्डुवाडीला गाडी थांबली की ट्रंकेवर बसून राहायचे. काकू एकूण सात वेळा विमानात बसल्या. फ्रान्सवरून आलेले पायलटसाहेब एकदाही नाही. विमानातून उतरल्यावर काकू त्यांना सगळं सविस्तर सांगायच्या, ढग कसे होते, उतरताना धक्का बसला की नाही. आणि ते लहान मुलासारखे ऐकायचे, मधून मधून चुका काढायचे.

मी ती खोली काही सोडली नाही. म्हणून ज्या दुपारी काका गेले त्या दुपारी मी तिथे होते. नव्वदी ओलांडली होती. दोन दिवस त्यांना बोलता येत नव्हतं, खातापिता येत नव्हतं, आणि जीवही जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, कशात तरी अडकलेत. उजवा हात तेवढा चालू होता. खाटेची पट्टी धरायचे, दोनदा ओढायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. मुली रडत होत्या. काकूंनी त्यांना चहा करायला आत पाठवलं. मी उठले तर मला म्हणाल्या, "तुमी बसा."

त्या खाटेवर बसल्या आणि तो हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

"अवो," काकू म्हणाल्या. "सिद्धेश्वराच्या म्होरं घेतल्याला शबुद. सोडला मी."

काकांनी डोळे उघडले. बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली.

"मान न्हाय चालत," काकू खाली वाकून म्हणाल्या. "तोंडानं बोला. सोडला."

काकांचे ओठ हलले. मला वाटलं, जमणार नाही. पण आवाज आला, पुसट, पण पुरा.

"सोडला."

"सोडला," काकूंनी शब्द परत दिला. सत्तर वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

हात खाटेच्या पट्टीकडे पुन्हा गेला नाही. गिरणीचा भोंगा वाजायला अजून अवकाश होता. काकूंनी त्यांचे डोळे मिटवले, पांघरूण सारखं केलं आणि माझ्याकडे वळल्या.

"दोगांनी बी म्हनलं न्हवं? ऐकलं का तुमी, मास्तरीणबाई?"

मला हुंदका आवरत नव्हता. मी मान हलवली.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. वाट बघत.

"ऐकलं," मी म्हटलं.